ॲसिटिलीनमध्ये दुसरा मोनोमर घातला तर वाहकता वाढेल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही साताऱ्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहात. ॲसिटिलीनबरोबर दुसरा मोनोमर (साखळीची कडी बनणारा लहान रेणू) घेऊन कोपॉलिमर, म्हणजे दोघांची मिळून एक साखळी, करायचा आणि पॉलिॲसिटिलीनची, म्हणजे ॲसिटिलीनच्या लांब साखळीची, वाहकता वाढवायची, असा प्रकल्प ठरला आहे. सरांनी स्टायरीन, फेनिलॲसिटिलीन आणि पायरोल अशी तीन नावं सुचवली आहेत. यातलं कोणतं निवडावं आणि वेल्डिंगवाल्याकडच्या सिलिंडरमधला गॅस चालेल का, हे तुम्हाला हवंय.

मी सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत स्थिर विद्युत रोखणाऱ्या लेपांचं काम करतो. त्याआधी पुण्यात संशोधनात असताना पॉलिॲसिटिलीन बरंच हाताळलं. त्या अनुभवावरून आधीच सांगतो, या तिन्हींपैकी एकानेही वाहकता वाढणार नाही. फेनिलॲसिटिलीनने ती घसरेल, स्टायरीन बहुधा साखळीत शिरणारच नाही आणि पायरोल तर उत्प्रेरकालाच मारून टाकेल. विषय टाकाऊ आहे असं मात्र म्हणत नाही. अपेक्षा उलट्या बाजूने मांडली गेली आहे, एवढंच.

पॉलिॲसिटिलीनचं दुखणं वाहकता हे कधी नव्हतंच. इटालियन रसायनशास्त्रज्ञ नाट्टा यांनी 1958 मध्ये ते पहिल्यांदा केलं तेव्हा हाती काळी भुकटी आली. पुढे जपानमध्ये शिराकावांकडे उत्प्रेरक ठरल्यापेक्षा हजारपट जास्त पडला आणि भुकटीऐवजी चकचकीत पापुद्रा मिळाला. 1977 मध्ये हीगर, मॅकडायरमिड आणि शिराकावा यांनी त्या पापुद्र्याला आयोडीनसारखे डोपंट, म्हणजे साखळीतून इलेक्ट्रॉन काढून घेणारे पदार्थ, दिले (यालाच डोपिंग म्हणतात) आणि वाहकता कोटभर पटींनी चढली. त्याच कामाला 2000 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. 1987 मध्ये बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीतल्या नार्मान आणि थिओफिलू यांनी उत्प्रेरक सिलिकोन तेलात मुरवला, पापुद्रा ताणून साखळ्या एका दिशेला आणल्या आणि आकडा 10⁵ सिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या वर नेला. तांबं साधारण 6×10⁵ वर असतं. म्हणजे वाहकता जिथवर न्यायची तिथवर लोकांनी तेव्हाच नेली होती, आणि ती कुठलाही पाहुणा मोनोमर न घालता. साखळीतले दोष कमी करून आणि साखळ्या सरळ लावून ती वाढली.

खरी दुखणी वेगळी आहेत. पॉलिॲसिटिलीन कशातच विरघळत नाही. तापवलं तर वितळत नाही, त्याआधीच खराब होतं. आणि हवेत टिकत नाही: ऑक्सिजन सुरुवातीला थोडंसं डोपिंग करतो, मग साखळीवरच बसतो आणि दुहेरी बंध मोडायला लागतो. आयोडीन दिलेला पापुद्रा बाहेर ठेवला तर त्याची वाहकता उतरत जाते. कोपॉलिमरची जवळपास सगळी कामं या दुखण्यांवर इलाज शोधायला झाली. त्यासाठी वाहकतेतून किंमत मोजावी लागते, हे ती करणाऱ्यांना ठाऊक होतं.

किंमत का मोजावी लागते? स्लॅब टाकताना मजूर रांगेत उभे राहून घमेली हातोहात पुढे देतात, ते आठवा. साखळीतल्या प्रत्येक कार्बनचं पाय-कक्षक (दुहेरी बंधातल्या इलेक्ट्रॉनची जागा) म्हणजे त्या रांगेतला एक माणूस. सगळे एकाच दिशेला तोंड करून असतील तर घमेलं सरकत राहतं. मधलाच एक जण वळून उभा राहिला तर देवघेव अवघड होते, आणि एक जण निघूनच गेला तर रांग तुटते. फेनिल (बेंझिनचं कडं) किंवा मेथिल (एक कार्बन, तीन हायड्रोजन) गट साखळीवर लटकला की शेजारच्या हायड्रोजनशी त्याची दाटी होते आणि साखळीला पीळ पडतो. हा वळून उभा राहिलेला माणूस. स्टायरीन घुसलंच तर दोन संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेले, कार्बन येतात. हा निघून गेलेला. पीळ परवडतो, तुटलेली रांग परवडत नाही. दुसरा मोनोमर निवडताना मी पहिल्यांदा हेच बघतो की तो आत बसल्यावर एकआड एक दुहेरी बंधांची ओळ चालू राहते की खंडित होते.

याचे पुरावे जुने आहेत. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या गटाने ॲसिटिलीन आणि मेथिलॲसिटिलीनचे कोपॉलिमर केले. मेथिलचा वाटा वाढत गेला तशी डोपिंगनंतरची वाहकता उतरत गेली. फेनिलॲसिटिलीनचा नुसता पॉलिमर विरघळतो, हवेतही बरा टिकतो. पण डोपिंग केल्यावरही तो पॉलिॲसिटिलीनच्या लाखो पट मागे राहतो. तो हवेत का टिकतो, हेही बघा. त्याच्यातून इलेक्ट्रॉन काढणं अवघड असतं, म्हणून ऑक्सिजनला तो दाद देत नाही आणि त्याच कारणाने आयोडीनलाही देत नाही. एकच गुण दोन्हीकडे लागू पडतो. त्यामुळे 'हवेत टिकाऊ आणि वाहकताही जास्त' अशी जोडी फक्त गट लटकवून मिळत नाही.

आता पायरोल. विद्यार्थ्यांच्या प्रस्तावांत ही चूक मी बऱ्याचदा पाहिली आहे. दोन्ही वाहक पॉलिमर देतात, मग दोन्ही एकत्र केले तर आणखी चांगलं, असा हिशेब असतो. पण दोघांच्या साखळ्या वाढण्याची रीतच निराळी आहे. ॲसिटिलीन टायटॅनियम आणि ट्रायइथाइल ॲल्युमिनियमच्या उत्प्रेरकावर एकेक रेणू जोडत वाढतो. पायरोल ऑक्सिडेशनने वाढतो: रेणूतला इलेक्ट्रॉन निघतो, दोन कडी जुळतात, दोन प्रोटॉन बाहेर पडतात. त्यात पायरोलच्या नायट्रोजनवर आम्लधर्मी हायड्रोजन असतो, तो ट्रायइथाइल ॲल्युमिनियमला लगेच संपवतो. एका फ्लास्कमध्ये दोघे घातले तर एक उत्प्रेरकाला मारणार आणि दुसरा उपाशी राहणार. कोपॉलिमर करायचा तर दोन्ही मोनोमर एकाच यंत्रणेने वाढणारे हवेत. ही पहिली अट आहे, वाहकतेची चर्चा त्यानंतरची.

अट पाळली तरी एक गोष्ट उरते. फ्लास्कमध्ये निम्मंनिम्मं घातलं म्हणजे साखळीतही निम्मंनिम्मं गेलं असं होत नाही. ॲसिटिलीन लहान आहे, उत्प्रेरकावर पटकन बसतो. फेनिलॲसिटिलीन मोठा, त्याला वेळ लागतो. परिणाम असा की सुरुवातीच्या साखळ्यांत जवळपास सगळं ॲसिटिलीनच, आणि कधी कधी हाती येतं ते कोपॉलिमर नसतंच, दोन वेगळ्या पॉलिमरचं मिश्रण असतं. ओळखायची सोपी रीत सांगतो. माल टोल्युइनमध्ये सॉक्सलेटवर (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून विरघळणारा भाग काढणारं उपकरण) काढा. विरघळून आलेला भाग आणि मागे राहिलेला भाग, दोन्हींचा इन्फ्रारेड वर्णपट घ्या. विरघळलेल्यात निव्वळ फेनिलवाला पॉलिमर आणि उरलेल्यात निव्वळ पॉलिॲसिटिलीन दिसलं, तर कोपॉलिमर झाला असं लिहू नका. परीक्षक जाणकार असेल तर पहिला प्रश्न हाच येईल.

मग ॲसिटिलीनच्या बाबतीत काय जमलं? माझ्या मते तीन वाटा खऱ्या अर्थाने उपयोगी पडल्या, आणि तिन्हींत दुसरा घटक साखळीत कुठेही विखुरलेला नाही.

एक वाट तुकड्यांची. पॉलिस्टायरीन किंवा पॉलिआयसोप्रीनची विरघळणारी साखळी आधी करायची आणि तिच्यावर पॉलिॲसिटिलीनचा अखंड तुकडा वाढवायचा. विरघळण्याचं काम एक तुकडा करतो, वाहण्याचं दुसरा. दुहेरी बंधांची ओळ तुटत नाही, पण मालात न वाहणारा भाग वाढतो. तो फार झाला की वाहणारे तुकडे एकमेकांना भिडत नाहीत आणि वाहकता धाडकन खाली येते. शिवाय पॉलिॲसिटिलीनचा तुकडा लांबला की एकमेकांना चिकटून साका बनतो.

दुसरी वाट मला सर्वांत हुशारीची वाटते, कारण तिच्यात ॲसिटिलीन गॅस लागतच नाही. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठात एडवर्ड्स आणि फीस्ट यांनी 1980 मध्ये एक विरघळणारा पूर्वगामी (आधीच्या टप्प्याचा) पॉलिमर केला, त्याचा पापुद्रा ओतला आणि मग तो तापवून त्यातला फ्लोरिनवाला, बेंझिनच्या कड्याचा रेणू बाहेर काढला. मागे उरलं ते पॉलिॲसिटिलीन. त्याच दशकात अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ ग्रब्ज यांच्या गटाने सायक्लोऑक्टाटेट्राईनचं कडं उघडून पॉलिॲसिटिलीन केलं. त्या कड्यावर एकच शाखा आधी लावली तर साखळीत दर आठ कार्बनांमागे एकच शाखा येते. शाखा योग्य निवडली तर पॉलिमर विरघळतो आणि पीळही बेताचा पडतो. फेनिलॲसिटिलीनमध्ये दर दोन कार्बनांमागे एक गट असतो. दोन आणि आठ यांतच सगळा फरक आहे. गंमत म्हणजे सायक्लोऑक्टाटेट्राईन मुळात ॲसिटिलीनच्या चार रेणूंपासूनच निकेलवर करतात, रेप्पेची पद्धत.

तिसरी वाट म्हणजे पॉलिफेनिलीन व्हायनिलीन. त्याची रचना कागदावर काढा: एक बेंझिनचं कडं, एक दुहेरी बंध, पुन्हा कडं. रचनेच्या हिशेबाने हा ॲसिटिलीन आणि फेनिलीनचा एकाआड एक कोपॉलिमरच आहे, फक्त कुणी तो ॲसिटिलीन गॅसपासून करत नाही. सल्फोनियम गट असलेला, पाण्यात विरघळणारा पूर्वगामी पॉलिमर तापवून तो मिळतो. 1990 मध्ये केंब्रिजमध्ये याच पॉलिमरमधून वीज सोडून प्रकाश मिळवला. बेंझिनच्या जागी थायोफिन घेतलं तर पॉलिथायनिलीन व्हायनिलीन. दुसरा घटक स्वतःच दुहेरी बंधांचा आहे, त्यामुळे ओळ चालू राहते. पॉलिॲसिटिलीनइतकी वाहकता नाही, पण हाताळता येतं. सुचवलेल्या तीन नावांपेक्षा या दिशेने विचार केला असता तर प्रस्ताव जास्त पक्का झाला असता.

इथवरचा सार एवढाच की दुसरा मोनोमर वाहकता वाढवायला नाही, हाताळणी सोपी करायला घालतात, आणि तो दुहेरी बंधांची ओळ न मोडता बसला तरच नुकसान आवाक्यात राहतं. कुठल्या उपयोगासाठी माल हवा त्यावर बाकीचं ठरतं. माझ्या कामात लेपाला 10⁻⁵ सिमेन्स प्रति सेंटिमीटर असलं तरी भागतं. तिथे पॉलिॲसिटिलीनचा लाखाचा आकडा घेऊन मी करणार काय? मला ब्रशने लागणारा आणि वर्षभर टिकणारा माल हवा असतो. सेन्सर करणाऱ्याला आणखी वेगळं काही हवं असेल.

आता गॅसबद्दल. वेल्डिंगच्या दुकानात ज्याला डीए (डिझॉल्व्ह्ड ॲसिटिलीन) सिलिंडर म्हणतात, त्यात ॲसिटिलीन नुसता दाबून भरलेला नसतो. आत सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन जिरवलेलं असतं आणि गॅस त्यात विरघळलेला असतो, कारण मोकळा ॲसिटिलीन दाबाखाली हवेशिवायही फुटू शकतो. म्हणून सिलिंडर आडवा करायचा नाही आणि रेग्युलेटरनंतरचा दाब गेजवर 1 बारच्या आतच ठेवायचा. तांब्याची नळी बिलकूल नको. तांब्याचं ॲसिटिलाइड बनतं आणि ते घर्षणाने उडतं. गॅसबरोबर ॲसिटोनची वाफ येते, आणि तो कार्बाइडपासून केलेला असेल तर फॉस्फीन आणि हायड्रोजन सल्फाइडही. आंबे पिकवायला चोरून कार्बाइड वापरतात तेव्हा येणारा लसणासारखा वास मुख्यतः अशा अशुद्धींचाच. शुद्ध ॲसिटिलीनला जवळपास वास नसतो. यातली कोणतीही अशुद्धी तुमच्या उत्प्रेरकाला चालणार नाही, त्यामुळे गॅस धुवून आणि सुकवून घ्यावाच लागतो.

इथे आपल्या भागातली एक खास भानगड सांगतो. ॲसिटोन अडकवायला थंड सापळा लागतो. सातारा-सांगलीकडे सुका बर्फ मिळवायला धावपळ करावी लागते, पण द्रव नायट्रोजन सहज मिळतो, कारण गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी त्याचे कंटेनर तालुक्याला पोचतात. मग मुलं सापळा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. तसं करू नका. ॲसिटिलीन उणे 84 अंशांना गोठतो आणि द्रव नायट्रोजन उणे 196 वर असतो. सापळ्यात ॲसिटोनऐवजी घट्ट ॲसिटिलीन साठेल, आणि तो गरम होताना दाब कुठे जाईल याचा भरवसा नाही. सुका बर्फ आणि ॲसिटोनचं मिश्रण उणे 78 वर थांबतं, म्हणून तेच वापरतात.

त्यावर ट्रायइथाइल ॲल्युमिनियम आहे. हवा लागताच पेटतं, पाणी लागलं तर त्याच्याशी स्फोटक वेगाने अभिक्रिया करतं. तुमच्या विभागात ग्लोव्हबॉक्स किंवा चांगली श्लेंक लाइन (दोन्ही हवा न लागू देता काम करायच्या सोयी) आणि ती रोज वापरणारा माणूस असेल, तर गोष्ट वेगळी. नसेल, तर एमएस्सीच्या प्रकल्पासाठी, तेही साताऱ्याच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत, हे काम मी माझ्या विद्यार्थ्याला दिलं नसतं. सरांना हे सांगायला संकोच वाटत असेल तर हे उत्तरच पुढे करा.

त्याऐवजी तुमचाच प्रश्न, म्हणजे दुसरा मोनोमर घातल्यावर वाहकतेचं काय होतं, पायरोलवर सोडवा. पायरोल आणि एन-मेथिलपायरोल ही जोडी घ्या. दोघेही ऑक्सिडेशनने वाढतात, त्यामुळे यंत्रणेची अट पाळली जाते. फरक एका मेथिल गटाचा आहे. तो नायट्रोजनवर बसून शेजारच्या कड्यांना वळवतो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत विद्युत-रासायनिक पद्धतीने केलेल्या पापुद्र्यांवर हे पाहिलं गेलं. नुसत्या पायरोलची वाहकता शंभराच्या घरात, नुसत्या एन-मेथिलची 10⁻³ च्या आसपास आणि कोपॉलिमर मधल्या पट्ट्यात. रासायनिक पद्धतीने केलेल्या भुकटीत तुमचे आकडे याहून खालचे येतील, पण उतार दिसेल.

कृती अवघड नाही. दोन्ही मोनोमर ताजे ऊर्ध्वपातित करून घ्या. बाटलीतला पायरोल तपकिरी झाला असेल तर तो आधीच जुळायला लागलेला असतो. मिथेनॉलमध्ये दोघेही विरघळतात आणि निर्जल फेरिक क्लोराइडही. हुडखाली, बर्फाच्या पाण्यात फ्लास्क ठेवून काम करा. एक मोल मोनोमरला साधारण 2.3 मोल फेरिक क्लोराइड लागतं: दोन साखळी जोडण्यासाठी आणि वरचं पाव-एक तृतीयांश तिच्या डोपिंगसाठी. कमी घातलं तर उत्पादन कमी येतं, फार जास्त घातलं तर साखळीचं अतिऑक्सिडेशन होतं. गाळल्यावर वरचं मिथेनॉल रंगहीन येईपर्यंत धुवा, नाहीतर लोखंडाचे आयन तुमच्या मोजमापात बोलतील. मोनोमरचं प्रमाण शून्यापासून शंभरापर्यंत पाच-सहा टप्प्यांत बदला आणि बाकी काही म्हणजे काही बदलू नका.

ॲनिलिन आणि ऑर्थो-टोल्युइडिन ही जोडी स्वस्त आहे आणि खूप जण तीच करतात. ऑर्थो-टोल्युइडिन माणसात कर्करोग करणारं म्हणून सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे पर्याय असताना मी ते टाळतो.

मोजमापात मल्टिमीटरचे दोन प्रोब लावून आलेला रोध लिहू नका. त्यात संपर्काचा रोध मिसळलेला असतो. चार टोकांचा प्रोब भौतिकशास्त्र विभागात बहुधा असतोच, अर्धवाहकांच्या प्रयोगासाठी. पातळ आणि रुंद नमुन्यासाठी रोधकता म्हणजे 4.53 गुणिले जाडी गुणिले व्होल्टेज भागिले करंट. पण हे सूत्र जाडी टोकांमधल्या अंतराच्या निम्म्याहून कमी असेल तरच चालतं, आणि इन्फ्रारेडच्या डायमध्ये दाबलेली 13 मिलिमीटरची टिकली तेवढी रुंद नसते, म्हणून काठाचा दुरुस्ती गुणक लावावा लागतो. सगळ्या टिकल्या एकाच दाबाखाली, एकाच वजनाच्या करा. करंट उलटा-सुलटा देऊन सरासरी घ्या आणि तो इतका कमी ठेवा की टिकली तापणार नाही. टिकल्या डेसिकेटरमधून काढून लगेच मोजा. ओल वाहकता बदलते.

आणि एक सापळा बाकी आहे. वाहकता उतरली तर ती साखळीच्या पिळामुळे उतरली, असं लगेच लिहू नका. एन-मेथिलचा वाटा वाढला की डोपिंगही कमी बसू शकतं, आणि मग उतार दोन कारणांचा मिळून असतो. प्रत्येक नमुन्यात नायट्रोजनमागे क्लोरिन किती, हे मूलद्रव्य विश्लेषणाने काढा. हे यंत्र तुमच्याकडे नसेल तर विद्यापीठातल्या उपकरण सुविधेत नमुने पाठवण्याची सोय सरांना आत्ताच विचारून ठेवा, कारण तिथे रांग असते. क्लोरिन आणि नायट्रोजनचं गुणोत्तर सगळीकडे सारखं निघालं, तरच उताराचा दोष पिळाला देता येईल.